बेने इस्रायली आडनावं आणि त्यांची गावं: एकाच नावाची दोन-तीन गावं असतील तर नेमकं कोणतं धरायचं?

कोरीव_अक्षर

नमस्कार. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या बेने इस्रायली (म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या) दफनभूमींमधल्या कबरींवरची आडनावं टिपून प्रत्येकापुढे मूळ गाव लिहायचं, असा तक्ता करायला घेतला आहे. थळकर–थळ, झिराडकर–झिराड, आवासकर–आवास, वाकरूळकर–वाकरूळ ही जोडी सरळ लागली. पुढे गाडी अडली आहे.

दिवेकर मंडळींचं 'दिवे' कोणतं? राजपूरकर म्हणजे रत्नागिरीतलं राजापूर धरायचं का? नागावकर आणि नवगावकर हे एकाच आडनावाचे दोन उच्चार की दोन वेगळी घराणी? अष्टमकर आणि गळसूरकर यांचं 'अष्टम' आणि 'गळसूर' नकाशावर शोधलं तर काहीच हाती लागत नाही. शिवाय निम्म्या दगडांवर मराठी नाहीच, फक्त रोमन किंवा हिब्रू अक्षरं आहेत.

गाव ठरवण्याची पद्धत काय ठेवावी, आणि कुठला पुरावा मिळाला की गाव पक्कं मानावं, हे जाणकारांनी सांगावं. अंदाजाने भरलेला तक्ता पुढे कुणाच्या तरी वंशावळीत खरा म्हणून जाईल, म्हणून ही काळजी.

---

खारेपाट

आधी व्याकरण पाहू, कारण तुमच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. गावाच्या नावाला 'कर' लागताना शेवटचा स्वर बऱ्याचदा गळतो. त्यामुळे 'कर' काढून उरलेला तुकडा जसाच्या तसा शोधू नका. तुकडा व्यंजनाशी थांबत असेल तर चार रूपं शोधायची: तसंच्या तसं, शेवटी ई लावून, ए लावून आणि आ लावून.

अष्टम + ई = अष्टमी. हे रोह्यासमोर कुंडलिकेच्या पलीकडच्या काठाला आहे. नगरपालिकाच 'रोहा-अष्टमी' नावाची असल्यामुळे नकाशावर बहुतेक वेळा फक्त रोहा दिसतं आणि अष्टमी त्याखाली झाकली जाते.
गळसूर + ए = गळसुरे, तालुका श्रीवर्धन.
पेझार + ई = पेझारी, अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ.
घोसाळ + ए = घोसाळे, रोहे तालुका, घोसाळगडाच्या पायथ्याचं.
राजपूर + ई = राजपुरी, मुरूड तालुका. जंजिऱ्याला जायच्या होड्या जिथून सुटतात ते. जुन्या कागदांत 'दंडा-राजपुरी' अशी जोडी येते.

रत्नागिरीच्या राजापूरचं आडनाव 'राजापूरकर' होतं, ज नंतरचा आ टिकतो. देवनागरीत हा फरक स्वच्छ दिसतो, पण रोमनमध्ये दोन्ही ठिकाणी एकच ए लिहितात आणि घोटाळा होतो. म्हणून रोमन दगडावरून राजपूरकर की राजापूरकर हे ठरवू नका, त्याच घराण्याचा एखादा देवनागरी दगड किंवा लग्नाचा कागद शोधा. मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर. महालक्ष्मीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड त्यांच्या नावाचा. रस्त्याच्या पाटीवर आडनावच नाही, त्यामुळे असं नाव तक्त्यात येतच नाही. वडिलांचं नाव आडनावासारखं लावण्याची ही रीत बेने इस्रायलींत फार आहे, तेव्हा 'मोझेस', 'सॅम्युअल', 'बेंजामिन' एवढंच कोरलेल्या कबरी वेगळ्या ठेवा, त्या 'आडनाव नाही' या खात्यात टाकू नका.

नागाव आणि नवगाव ही दोन पूर्ण वेगळी गावं आहेत, दोन्ही अलिबाग तालुक्यात. नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळ-किहीमच्या बाजूला. बेने इस्रायलींचे पूर्वज जिथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं परंपरा सांगते, ते हेच, आणि त्यांचं स्मारकही तिथेच. नागाव दक्षिणेला, अक्षी आणि रेवदंड्याच्या मधलं. उरण तालुक्यात आणखी एक नागाव आहे. रोमनमध्ये नवगावचा व कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी नुसता ओ असा लिहिला जातो, आणि पुढचा ओ जवळ असल्याने तो गळून 'नागाव' बनतो. मला विचाराल तर रोमनमधला एकही नागावकर दुसऱ्या पुराव्याशिवाय पक्का धरू नये. उलट दिशेने मात्र चूक होत नाही: व स्पष्ट कोरलेला असेल तर तो नवगावकरच.

बोर्लीकर मिळाले तर थांबा. श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन आहे, मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला. नांदगाव आणि तळेगाव यांचं तर विचारूच नका. मुरूडच्या नांदगावाला नाशिकचं नांदगाव समजणारे भेटतात, कारण शोधयंत्र मोठं गाव आधी दाखवतं.

आता गाव शोधायचं कसं. महाभूलेख या जमिनीच्या सरकारी नोंदींच्या संकेतस्थळावर कोकण विभाग, मग जिल्हा रायगड निवडा आणि एकेक तालुका उघडा. गट क्रमांक भरायची गरज नाही, गावांची यादी तेवढ्यावरच देवनागरीत उघडते. पंधरा तालुके आहेत, एकदा बसून सगळ्या याद्या उतरवून घ्या. शुद्धलेखन सरकारी असलं तरी ळ आणि ल, ण आणि न हे वेगळे राहतात, आणि आपल्याला तेच हवं. नंतर २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून प्रत्येक गावाचा सहा अंकी कोड पुढे लिहा. गावाचं नाव पुढे बदललं, तालुका बदलला, तरी कोडावरून गाव ओळखता येतं. तक्त्यात नुसतं 'नागाव' लिहिलं तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की कोणतं.

या याद्यांत नाव सापडलं नाही म्हणजे गाव नाहीसं झालं असं नाही. यादीत फक्त महसुली गावं असतात. वाडी, पाडा, आळी, कोंड यांना स्वतंत्र नोंद नसते. त्यासाठी सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारांच्या प्रमाणाचे नकाशे बघा, त्यांत वाड्यांची नावं छापलेली असतात.

आणि 'आवास' हा शब्द नेटवर शोधलात तर घरकुल योजनाच येतील. 'आवास सासवणे अलिबाग' असं शेजारच्या गावासकट शोधा. हीच युक्ती पेण, थळ, तळे अशा आखूड नावांना लागू पडते.

---

मोडी_दप्तर

खारेपाट यांनी व्याकरण चोख सांगितलं. दिवेकरांचं राहिलं, आणि तिथेच पद्धतीचा खरा कस लागतो.

'दिवे' या तुकड्याला किमान चार गावं दावेदार आहेत. श्रीवर्धन तालुक्यातलं दिवेआगर, भिवंडी तालुक्यातलं दिवे अंजूर, ठाण्याचं दिवा ('कर' लागताना 'दिवे' होतं, म्हणून 'दिवेकर' व्याकरणाने बरोबर), आणि घाटावरचं पुरंदर तालुक्यातलं दिवे, ज्याच्यावरून दिवेघाट. शिवाय दिवेकर चित्पावनांतही आहेत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युअल इझिकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, हे बेने इस्रायली. त्यांच्यामुळे सॅम्युअल स्ट्रीट हे नाव पडलं, आणि त्या सिनेगॉगला समाज 'जुनी मशीद' म्हणत आला. म्हणजे एक आडनाव, दोन समाज आणि चार गावं. यातलं दिवेआगर किनाऱ्यावर आहे, प्रसिद्ध आहे, म्हणून तेच उचलून तक्त्यात टाकणं बरोबर नाही. किनाऱ्याजवळचं गाव असणं हा कल झाला, त्याला पुरावा म्हणता येत नाही.

'कर' लावलेलं आडनाव गावाबाहेर पडतं, हे कायम डोक्यात ठेवा. थळात सगळेच थळचे, तिथे थळकर म्हणून कुणाला वेगळं काढणार? माणूस थळ सोडून दुसऱ्या गावात तेलाचा घाणा टाकतो तेव्हा तिथली माणसं त्याला थळकर म्हणतात. म्हणून थळकरांच्या कबरी थळात जास्त मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. दफनाचं ठिकाण आणि आडनावाचं गाव यांचे दोन वेगळे रकाने करा आणि एकाच्या आधाराने दुसरा कधीही भरू नका. तुमच्या तक्त्यात एवढं पाळलं तरी पुष्कळ चुका टळतील. कबर पनवेलला असलेला पेणकर हा पेणचा, आणि तो पनवेलपर्यंत कसा आला हा स्वतंत्र शोध.

गाव पक्कं करायला मी तीन प्रकारचे कागद मानतो.

पहिला, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद यात असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून पाहायला मिळतो. जातीचा रकाना असतो, त्यामुळे ब्राह्मण दिवेकर आणि इस्रायली दिवेकर इथे वेगळे होतात. त्या रकान्यात 'इस्राईल', 'बनी इस्राईल' किंवा नुसतं 'तेली' असंही सापडू शकतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या समाजाला शनवारतेली म्हणत, त्यातलं 'शनवार' कारकुनाने गाळलं की नोंद हिंदू तेल्यांत मिसळते. तिथे व्यक्तीचं नाव पाहून निवाडा करावा लागतो. अडचण अशी की या बुकात आडनाव बऱ्याचदा नसतंच, फक्त नाव आणि बापाचं नाव. त्यासाठी नावांची जुनी मराठी रूपं माहीत हवीत: सॅम्युअलचा सामाजी, इझिकिएलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बुनाजी. एकटा 'आबाजी' कुठल्याही समाजाचा असू शकतो, पण 'आबाजी बिन हसाजी' दिसलं की लक्ष द्या.

दुसरा, जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. वारसाच्या फेरफारात मृताचं नाव, वारसांची नावं आणि तारीख एकत्र येते. एखाद्या गावात त्या आडनावाच्या घराण्याची जमीन पिढ्यान् पिढ्या होती असं दिसलं तर गावाचा दावा बळकट होतो. पण ही जमीन नंतर घेतलेली असू शकते, तेव्हा सर्वांत जुना फेरफार कोणता हे पाहा.

तिसरा, सिनेगॉगची लग्ननोंद. अलिबागचं मागेन आबोथ १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं, ठाण्याचं शआर हाशामाइम १८७९ चं. नोंदवह्या विश्वस्तांकडे असतात, आधी पत्र पाठवून परवानगी घ्या आणि नेमकं कोणत्या वर्षांतलं पाहायचं ते पत्रात लिहा. 'सगळं दाखवा' म्हणून गेलात तर वेळ दोघांचाही जातो. अलिबागला पत्ता विचारताना 'इस्रायल आळी' म्हणा.

मोडी कागदात एक फसगत ठरलेली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे लिहीत नाहीत, अनुस्वारही सर्रास गाळतात. त्यामुळे मोडीवरून 'राजपुर' की 'राजपूर' यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शब्दांत मोकळी जागा नसल्याने 'राजपुरी' आणि त्याच्या पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर एकत्र वाचलं जातं, ही चूकही नेहमीची. आ चा काना मात्र मोडीत टिकतो, म्हणजे राजापूर आणि राजपुरी मोडीतही वेगळे ओळखू येतात.

आणखी एक. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तिथले त्याआधीचे कागद ब्रिटिश कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात शोधले तर मिळणार नाहीत. गळसूरकर, बोर्लीकर, राजपूरकर या तिन्हींना हे लागू.

---

कोरीव_अक्षर

फार मोलाचं आहे हे. दफनाचं ठिकाण आणि आडनावाचं गाव मी एकाच रकान्यात भरत होतो, आज ते वेगळे करतो. फक्त हिब्रू असलेल्या दगडांचं काय करावं? अक्षरं ओळखू येतात, पण त्यावरून मराठी आडनाव उभं करताना दोन-तीन शक्यता निघतात. आणि चेऊलकर म्हणजे चौलच ना?

---

दिमोना_मराठी

शालोम आणि नमस्कार. चेऊलकर म्हणजे चौलच. 'चेऊल' हे त्याच गावाचं जुनं रूप, आडनावात ते गोठून राहिलं आणि गावाच्या पाटीवर मात्र चौल झालं. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड हे याच आडनावाचे, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. किहीमचंही तसंच: रोमनमध्ये 'के' नंतर ई लिहिल्यामुळे 'केहिमकर' असं वाचलं जातं, गाव किहीमच. समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल किहीमकर याच घराणेनावाचे.

हिब्रूबद्दल. हिब्रूत स्वर बहुतेक लिहिलेच जात नाहीत, म्हणून आधी व्यंजनांचा सांगाडा काढा आणि तो गावांच्या यादीशी ताडून पाहा, उच्चाराच्या मागे लागू नका. शेवट कूफ आणि रेश या दोन अक्षरांनी असला की ते 'कर' समजा. रोमनमध्ये याच 'कर'चं काही घराणी ए लावून तर काही ई लावून लिहितात, तो फरक घराण्याच्या सवयीचा आहे, वेगळं आडनाव नव्हे.

कुठलं अक्षर किती मराठी ध्वनी पोटात घेतं ते असं. लामेद: ल आणि ळ दोन्ही, त्यामुळे थळकर आणि 'तलकर' एकच दिसतात. तेत: ट, ठ, त, थ चारही. ताव हे त आणि थ साठी कधीमधी. नून: न आणि ण. त्सादीवर लहान तिरकी रेघ असेल तर च, ती रेघ दगडावर झिजून गेली असेल तर च दिसतच नाही आणि चेऊलकर ओळखता येत नाही. उजेड तिरपा टाकून, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, फोटो घ्या. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवू नका, दगडाचं नुकसान होतं. झ साठी कुठे झायिन, कुठे गिमेलवर तीच रेघ. म्हणून झिराडकर दोन प्रकारे कोरलेले सापडतील आणि रोमनमध्ये झेड, जे, जे-एच असे तीन प्रकारे. तिन्ही एकच गाव.

सर्वांत कठीण वाव. तो व असतो, ऊ असतो, ओही असतो. नवगावकरांत दोन वाव यायला हवेत. एकच असेल तर नागावकर की नवगावकर हे हिब्रूवरून सांगता येत नाही. खारेपाट यांनी रोमनबद्दल जे सांगितलं तेच इथे.

इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढीने स्वतःच्या उच्चाराप्रमाणे आडनाव लिहिलं आहे, त्यात ण आणि ळ गेले आहेत. तिथल्या अलीकडच्या कागदावरून गाव शोधायला निघू नका. त्याच घरातल्या आजोबांचा भारतातला शाळेचा दाखला किंवा जुना पासपोर्ट मागा, शाळेच्या दाखल्यावर देवनागरी आडनाव आणि पुष्कळदा जन्मगावही असतं. फक्त जन्मगाव आणि आडनावाचं गाव वेगळं असणार, हे मोडी_दप्तर यांनी सांगितलेलं विसरू नका.

दगडावर हिब्रू वर्ष असेल तर त्यातून ३७६० वजा करा. ५६५६ म्हणजे १८९६. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून मृत्यू तिश्री या पहिल्या हिब्रू महिन्यापासून साधारण तेवेत महिन्याच्या सुरुवातीपर्यंतचा असेल तर ३७६१ वजा करायचे, म्हणजे १८९५. हजाराचा आकडा बहुतेक वेळा कोरलेला नसतो, तो पाच धरा. कोतवाल बुकातली नोंद जुळवताना या एका वर्षाच्या फरकाने नोंद हातची जाते.

---

मोडी_दप्तर

रकाने कसे ठेवावेत ते विचारलं नाही, पण सांगतो, कारण नंतर बदलणं त्रासाचं होतं. कोरलेलं रूप अक्षरशः जसं आहे तसं आणि कोणत्या लिपीत ते. त्याच्या शेजारी तुमचं देवनागरी वाचन. मग दफनाचं गाव. मग सगळी संभाव्य गावं, प्रत्येकाच्या पुढे तालुका आणि जनगणना कोड. शेवटी दर्जा: एका नावाचं एकच गाव आहे आणि कागदही जुळतो तर 'पक्कं', गाव एकच पण कागद नाही तर 'संभाव्य', दोन किंवा जास्त गावं असतील तर 'अनिर्णित'. आज दिवेकर अनिर्णितमध्येच राहू द्या. कोरलेल्या रूपाचा रकाना कधीही दुरुस्त करू नका, चूक वाचनाच्या रकान्यात सुधारा.

---

खारेपाट

दोन गावनावं राहिली, दोन्हींनी भले भले फसतात.

जुन्या कागदावर 'मुक्काम कुलाबा' दिसलं की मुंबईचं कुलाबा समजू नका. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होतं, अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. १८८३ च्या गॅझेटियरचा अकरावा खंड 'कुलाबा आणि जंजिरा' यावर आहे, तो मुंबई बेटाचा नव्हे. कागदावर 'तालुका' हा शब्द किंवा अलिबाग, पेण, रोहे यांपैकी काही जवळपास असेल तर जिल्हा समजायचा. 'कुलाबा कॉजवे', 'ससून गोदी' असं काही असेल तर मुंबई.

दुसरं खंडाळा. एलियाहू हनाबीचा (संदेष्टा एलियाचा) टापा म्हणून बेने इस्रायली ज्या खडकाला मानतात, नवस बोलतात आणि मलिदा हा विधी करतात, तो अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्याला आहे. बोरघाटातल्या खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही आणि साताऱ्याच्या खंडाळा तालुक्याशीही नाही. महसुली यादीत हे गाव 'खंडाळे' असं शोधा, तालुका अलिबाग. नकाशावर खूण करताना 'खंडाळा' टाकून पहिला आलेला निकाल उचलला तर खूण थेट लोणावळ्याच्या शेजारी जाऊन बसते.